शुक्रवारचं गणित

"गुरुजी, रविवार धरायचे का सोडायचे?"

मोनालीनं वहीतून मान वर न काढता विचारलं. शुक्रवारचा शेवटचा तास होता. सातवीची अकरा मुलं वऱ्हांड्यातल्या सतरंजीवर पसरली होती आणि प्रत्येक जण आपापलं गणित जुळवत बसला होता.

"गणित तुझं आहे. तूच ठरव," मी म्हटलं.

"मग सोडते. रविवारी कुठं शाळा असती?"

"आणि महाशिवरात्र?"

"ती आदीच सोडलीया."

"शिवजयंती?"

"ती औंदा रविवारातच गेली, गुरुजी," ती म्हणाली आणि पुन्हा वहीत शिरली.

मी नुसता हरखून गेलो. सातवीतली पोर कॅलेंडरातला खरा हिशेब धरून उदाहरण रचते, सुट्टी दोनदा वजा होणार नाही याची काळजी घेते, याहून मास्तराला काय हवं असतं? ते दिवस कुठून कुठपर्यंतचे, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आमची शाळा तालुक्याच्या पार टोकाला, ज्वारीच्या काळ्या रानात, सातवीपर्यंतची. सातवीनंतर मुलगे सायकली दामटत सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात जायचे आणि मुली घरी बसायच्या. त्यावर कुणी चर्चासुद्धा करत नसे. मोनाली इंगोले मात्र घरी बसायची नाही, असं मी ठरवलं होतं. जिल्ह्याच्या गावी मुलींची निवासी शाळा होती. तिथं आठवीला तिचं नाव घालायचं, एवढ्यासाठी मी तिच्या घरचे चार उंबरठे झिजवले होते. म्हणजे उंबरठा एकच, खेपा चार. शेवटी दिवाळीत तिचे वडील सुखदेव म्हणाले, "बरं, बगू," आणि ते मी होकारात जमा करून टाकलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरायचा होता. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं, आणि तिलाही नको होतं.

दर शुक्रवारी गणित रचायची पद्धत मी पाडली होती. पुस्तकातलं गणित नाही, आपल्या घरातलं, आपल्या रानातलं. कुणी शेळ्या घेई, कुणी डाळिंबाची झाडं, कुणी आजोबाचं वय. उत्तम गणिताला लाल शाईनं ‘शाब्बास’ मिळे आणि संध्याकाळी ते ट्विटरवर जाई. मुलांना ट्विटर वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या फोनवरचं निळं पाखरू पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या भाषेत ते ‘चिमणीवर जाणं’ होतं. "गुरुजी, माजं चिमणीवर टाका की!" असा गलका उठायचा. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "चिमणीवर गेलेलं गणित साऱ्या महाराष्ट्राचे गुरुजी वाचतात. तेव्हा नीट लिहा."

आणि ते वाचत होतेच, खोटं कशाला बोलू? मी त्या शाळेत आल्यापासून पहिली सात वर्षं गणिताबद्दल बोलायला एक माणूस नव्हता. स्टाफरूममध्ये बदल्या, पोषण आहाराचा तांदूळ आणि कुणाच्या तरी मेव्हण्याचं घर, यापलीकडे विषय जात नसे. मग एका प्रशिक्षणात ट्विटर कळलं आणि मला भूक लागल्यासारखं झालं. गडचिरोलीकडचे एक सर अपूर्णांक भाकरीवर शिकवायचे, त्याचे फोटो टाकायचे. धुळ्याच्या एका बाईंनी ऋण संख्यांसाठी विहिरीच्या पायऱ्या वापरल्या होत्या. माझ्या वर्गात जे अडायचं ते मी विचारायचो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचा उपयोग व्हायचा. मोनालीला भागाकार समजेना तेव्हा त्याची युक्ती मला तिथूनच मिळाली. कामाचं होतं ते सगळं. पण त्याबरोबर मला कौतुकाचीही चटक लागली होती. मी म्हणजे त्या काळात अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस होतो.

गावात इंटरनेटची रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर. शाळा सुटल्यावर मी तिथं जाऊन बसलो आणि मोनालीची वही उघडली.

‘एका मुलीचे शाळेचे १९ दिवस उरले आहेत. त्यात ३ रविवार आहेत आणि १ सणाची सुट्टी आहे. तर ती मुलगी किती दिवस शाळेत येईल?’

त्याखाली आणखी एक प्रश्न होता, गणिताशी संबंध नसलेला. तेव्हा ट्विटरवर एकशे चाळीस अक्षरांपलीकडे मजल जात नसे. वर आमचा शुक्रवारचा हॅशटॅग लावायचा, वर्ग लिहायचा. मावेना. मी तो शेवटचा प्रश्न गाळला. गाळला तो गाळला, वर वहीतही त्यावर लाल रेघ मारून शेजारी ‘अनावश्यक’ असं लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी पोर लक्षात ठेवेल. बाकीच्या गणितापुढं हे एवढं मोठं ‘शाब्बास’ लिहून खाली रेघ ओढली आणि बटण दाबलं.

घरी जाऊन चहा पिऊन परत टाकीवर आलो, तोवर फोन कुरकुरत होता. एक सर म्हणाले, दोन पायऱ्यांचं इतकं सहज उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. कुणी म्हणालं, दैनंदिन जीवनाशी सांगड म्हणतात ती ही. एका केंद्रप्रमुखांनी ते आपल्या साठ शिक्षकांना पाठवलं. शनिवारपर्यंत दोनशेवर लोकांनी ते पुढं धाडलं होतं. माझ्या जन्मात माझं इतकं कौतुक कधी झालेलं नव्हतं. त्यात गणित माझं नव्हतंच, पण ते कोण लक्षात घेतो?

रविवारी सकाळी एक वेगळा प्रश्न आला. रत्नागिरीकडच्या अनुराधा बेंद्रे म्हणून एक बाई होत्या. कधी कौतुक करायच्या नाहीत, मोजकं लिहायच्या.

‘सर, त्या मुलीची शाळा १९ दिवसांनी का संपते?’

मी उत्तर दिलं, ‘परीक्षेचा धसका असणार, बाई!’ आणि शेवटी हसरा चेहरा चिकटवला.

त्यांनी पुन्हा लिहिलं, ‘परीक्षा तर एप्रिलमध्ये ना?’

त्याला मी उत्तर दिलं नाही. बाईंना खुसपट काढायची सवय आहे, असं मनात आलं. शिवाय तेवढ्यात तालुक्याहून आमच्या साहेबांचा संदेश आला होता, ‘अभिनंदन. फोन करा.’ मग कोण थांबतो!

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मोनाली माझ्या टेबलापाशी आली. एरवी ती बोलायला बुजायची. त्या दिवशी आपणहून आली.

"गुरुजी, चिमणीवर गेलं माजं गनित?"

"गेलं म्हणजे? गाजतंय!" मी म्हणालो. "दोनशे गुरुजींनी पुढं पाठवलं."

"काय म्हनले?"

"म्हणाले, मुलगी हुशार आहे. दोन पायऱ्यांचं गणित रचलं."

"आनि?"

"आणि काय? शाब्बास म्हणाले."

ती टेबलाच्या कडेवर नख घासत उभी राहिली. "कुनी काय इचारलं न्हाई?"

"एका बाईंनी विचारलं, एकोणीस दिवसांनी शाळा का संपते म्हणून. मी सांगून टाकलं, परीक्षा असेल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हिला आणखी कौतुक ऐकायचंय. म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली.

"बरं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिनं चिमणीबद्दल कधी विचारलं नाही.

साहेबांना फोन केला. ते मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायलाच बसले होते. दोन मार्चला, गुरुवारी, तालुक्याला शिक्षकांची कार्यशाळा होती. ‘शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी ट्विटर’ असा विषय, आणि वक्ता मी. "ते मुलीचं उदाहरण दाखवाच," साहेब म्हणाले. मी लगेच कामाला लागलो. पुढचे दोन आठवडे वर्गात मुलं काय करत होती ते मला नीट आठवत नाही. पडद्यावर काय दाखवायचं हे मात्र सगळं पाठ होतं.

मधे एक दिवस सुखदेव शाळेत आले. डोक्याची टोपी हातात, काखेत पिशवी. त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न ठरलं होतं. त्याची पत्रिका घेऊन आले होते. मी पत्रिका पाहिली. दोन मार्च, गुरुवार.

"तुमी येनार न्हवं, गुरुजी?" त्यांनी विचारलं.

"अहो, नेमकी त्याच दिवशी तालुक्याला कार्यशाळा आहे. मला बोलायचंय तिथं. तुमच्या मोनालीचंच गणित दाखवणार आहे."

"तिचं गनित?"

"हो. फार छान रचलंय. तुम्ही पाहिलंत का?"

सुखदेवांची टोपी या हातातून त्या हातात गेली. मग म्हणाले, "मजी तुमचं काय म्हननं न्हाई?"

"माझं कसलं म्हणणं? शुभेच्छा आहेत. फक्त मोनालीच्या फॉर्मवर सही विसरू नका."

"मंग काय हरकत न्हाई," ते म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवून, जरा घाईनंच, निघून गेले. मी लग्नाला येणार नाही म्हणून माणूस नाराज झाला असावा असं मला वाटलं, आणि मग कार्यशाळेच्या तयारीत मी ते विसरलो.

मोनाली त्या दिवसांत एकदाही गैरहजर राहिली नाही. फेब्रुवारीत काढणी असते, अर्धा वर्ग रानात असतो. ही मात्र रोज दहाच्या आत दारात उभी. मी बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचो. "बघा, शिकायची ओढ याला म्हणतात." ती मान खाली घालून बसायची.

एक मार्चला, बुधवारी, सगळी मुलं गेल्यावर ती मागं राहिली. कपाटातून नेलेली दोन गोष्टींची पुस्तकं तिनं परत आणून ठेवली. फळा पुसला. खडू डब्यात भरले. मी पडद्यावर दाखवायचे फोटो फोनमध्ये ओळीनं लावत होतो.

"उद्या लग्नाला जाणार ना?" मी विचारलं.

"व्हय."

"शुक्रवारी ये मग. आणि हे घे." मी निवासी शाळेचा अर्ज तिच्या हातात दिला. "बाबांची सही इथं आणि इथं. पेन्सिलनं खूण केलीय बघ."

तिनं अर्ज घेतला. नीट दोन घड्या घातल्या. म्हणाली, "गुरुजी, फोन ठेवा की जरा."

"ठेवतो, ठेवतो. काय गं?"

तेवढ्यात तालुक्याहून तंत्रस्नेही शिक्षकांचा फोन आला. प्रोजेक्टरला कुठली वायर लागेल ते विचारत होते. मी हातानंच तिला ‘थांब’ म्हणून खूण केली. वायरीचं बोलणं लांबलं. मागं वळून पाहिलं तर वर्ग रिकामा होता. उद्या-परवा बोलेल, असं म्हणून मी कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात शंभर-सव्वाशे शिक्षक होते. मी तासभर बोललो आणि बरं बोललो. भाकरीचे अपूर्णांक दाखवले, विहिरीच्या पायऱ्या दाखवल्या. शेवटी पडद्यावर मोनालीचं गणित आलं. "हे माझ्या सातवीतल्या विद्यार्थिनीनं रचलंय. उत्तर काय?" मी विचारलं, आणि सारं सभागृह एका सुरात म्हणालं, "पंधरा!" टाळ्या पडल्या. साहेबांनी गुलाबाचं रोप दिलं. ते मांडीवर घेऊन मी एसटीतून परत आलो. त्या दिवसाइतका आनंदी मी त्यापूर्वी कधी नव्हतो, आणि पुढंही झालो नाही.

शुक्रवारी मोनाली आली नाही. लग्नाचा शिणवटा असेल, म्हटलं. शनिवारीही नाही. अर्जाची मुदत सोमवारपर्यंत होती, म्हणून शाळा सुटल्यावर मीच तिच्या वस्तीवर गेलो. अंगणात मांडव अजून उभा होता. दोन बायका भांडी घासत होत्या. मला पाहून त्या उठून मागच्या दारी गेल्या. मोनालीची आई, मंगलबाई, तेवढी ओट्यावर बसून राहिली. तिच्या पुढ्यात सुपात तांदूळ होते, अक्षतांतले उरलेले, पिवळे.

"मोनाली कुठं आहे, वहिनी? अर्ज न्यायला आलोय."

"ती हितं कशी असंल आता?" मंगलबाई म्हणाली. "नांदायला गेली."

मला अर्थच लागेना. "अश्विनी गेली असेल. मी मोनालीबद्दल विचारतोय."

"दोगीबी. एकाच मांडवात दोन लग्नं उरकली. अश्विनीला थोरला, मोनालीला धाकला. पत्रिकेत एकीचंच नाव घातलं, दुसरीचं वय बसत नव्हतं."

तेरा वर्षांची होती ती. त्या पत्रिकेवर मी हळदीचं बोट पाहिलं होतं, तारीख पाहिली होती, ती तारीख माझ्या वहीत कार्यशाळेपुढं लिहिलेली होती, आणि तरी मला काही दिसलं नव्हतं.

पुढं मी अर्ज केले, तक्रार केली. चौकशी झाली. सासरच्यांनी वयाचा भलताच दाखला पुढं केला, वस्तीतल्या एकानंही तोंड उघडलं नाही, आणि मोनालीनं जबाबात ‘मला काही सांगायचं नाही’ एवढंच लिहून दिलं. ती शाळेत परत आली नाही. पुढच्या वर्षी ती आई झाल्याचं कानावर आलं. माझी बदली झाली. ट्विटरचं खातं मी बंद केलं, आणि तरी ते गणित कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात अजून फिरतं म्हणतात. हे सगळं आठवायचं तर आठवतं. पण मला सुटत नाही ती त्या ओट्यावरची दुपार.

"वहिनी, मला एका शब्दानं कुणी सांगितलं नाही!" मी ओरडलोच. "तिनं तरी सांगायचं होतं!"

मंगलबाई उठली. आत जाऊन दप्तर घेऊन आली आणि त्यातली वही माझ्या हातात दिली. "तिनं ठेवायला सांगितलंय. सासरी न्हेली न्हाई."

मी ते पान काढलं. माझं लाल शाईतलं ‘शाब्बास’ होतं, त्याखाली रेघ होती. आणि त्याखाली मी काट मारलेला तो शेवटचा प्रश्न. तिच्या गोल, सरळ अक्षरात.

‘ही गोष्ट त्या मुलीने कोणाला सांगावी?’

शेजारी माझ्याच हातचं, ‘अनावश्यक’.

"गनित लिवलं त्या सांजंला ती मला म्हनली," मंगलबाई सांगत होती, "आय, म्या गुरुजींस्नी सांगितलंय. गनितात घालून सांगितलंय. आता साऱ्या म्हाराष्ट्राचं मास्तर वाचत्याल. हे लगीन हुईत न्हाई. तिच्या बापानं ऐकलं, त्यो घाबरला. पाव्हन्यास्नी निरोप धाडला, जरा दमानं घ्या म्हनून. आठ दिस आमी दारात नजर लावून हुतो, गुरुजी. मोटारसायकल वाजली की वाटायचं, आलं. गुरुजी आलं. पोलीस आलं. त्यो भ्यायचा, आनि मी..." ती थांबली. "मी वाट बघायची."

माझा अंगठा त्या ‘अनावश्यक’वर होता.

"कुनीच आलं न्हाई. मंग त्यो पत्रिका घिऊन तुमच्याकडं आला, तुमच्या मनात काय हाय ते बगायला. घरी येऊन म्हनला, गुरुजींचं काय म्हननं न्हाई. शुभेच्छा दिल्यात. पोरीनं ते ऐकलं आनि हळदीच्या दिशी गपगार जाऊन बसली."

"तुम्ही यायचं होतं," मी म्हणालो. "वहिनी, तुम्ही यायचं होतं माझ्याकडं. धावत आलो असतो मी."

मंगलबाईनं सूप जवळ ओढलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी काय सांगनार, गुरुजी? पोरीनं लिवलं हुतं की. मी अडानी बाई. मला वाटलं, लिवल्यालं मास्तर लोक वाचत असत्याल."